मदत हवी आहे : दारव्हा तालुक्यातील गावठाणातल्या जुन्या घराची वाजवी किंमत कशी ठरवावी?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका लहान गावी आमचे वडिलोपार्जित घर आहे आणि ते विकण्याचे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. वडील हयात नाहीत, आई माझ्याकडे अमरावतीला असते आणि दोन्ही बहिणी आपापल्या सासरी आहेत. वारस म्हणून चौघांचीही नावे लागलेली आहेत. शेजारीच राहणारा आमचा चुलतभाऊ घर घ्यायला तयार आहे व तो साडेसात लाख देऊ म्हणतो; तालुक्याच्या एका दलालाने मात्र चौदा लाख सहज येतील असे सांगितले. किंमत कमी धरली तर आईवर आणि बहिणींवर अन्याय होतो, आणि फुगवून मागितली तर चुलतभावाच्या ज्या घराशी आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे येणेजाणे आहे त्याच घराशी दुरावा येतो. म्हणून सौद्याला बसण्यापूर्वी खरा आकडा कोणता, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर जागा १,८०० चौरस फूट आहे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळालेल्या मिळकत पत्रिकेवर ती १,६५० च्या आसपास भरते, कारण परसातला एक पट्टा रस्त्यात गेलेला दिसतो. नमुना ८ हा मुळात कर आकारणीचा उतारा असल्यामुळे मी हिशेबात १,६५० हाच आकडा धरला आहे. समोरचा भाग मातीच्या भिंतींचा, सागवानी खांब आणि मयालींचा (आडव्या तुळयांचा) असून वर टिन आहे. मागे वडिलांनी २००९ साली ४०० चौरस फुटांच्या स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. जुने घर पांढरीवर (गावठाणाच्या पांढऱ्या मातीवर) असल्याने अजून सरळ उभे आहे, पण या खोल्यांचा पाया काळ्या मातीत आहे. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि त्यामुळे दोन भिंतींना तिरप्या भेगा गेल्या आहेत.

माझा हिशेब असा आहे. जागेला चौरस फुटास २५० रुपये धरले तर ४,१२,५०० होतात. तशा खोल्या आज बांधायला चौरस फुटास १,५०० रुपये लागतील असे मानले तर सहा लाख, त्यातून साठ वर्षांच्या आयुर्मानाने आतापर्यंतची सुमारे पाव भाग घट वजा केल्यावर साडेचार लाख, आणि भेगांच्या दुरुस्तीचे चाळीस हजार त्यातून आणखी कमी. मातीच्या घराला बांधकाम म्हणून मी काहीच मोल लावलेले नाही. फक्त सागवानाचे, उतरवण्याची मजुरी वजा जाता, ऐंशी हजार धरले. बेरीज नऊ लाखांच्या थोडी वर जाते.

या हिशेबात सर्वांत कच्चा भाग म्हणजे २५० चा दर. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या खरेदीखतांचा गोषवारा) शोधून पाहिली, तेव्हा आमच्या गावाची बहुतेक खरेदीखते शेतजमिनीची निघाली. गावठाणातली घरे मुद्रांक कागदावर लिहून घेऊन आणि नमुना ८ वर नाव चढवून हातोहात जातात. शंभर रुपयांवरील स्थावराच्या विक्रीला नोंदणीकृत खत लागतेच, त्यामुळे अशा कच्च्या व्यवहारांत हक्कही कच्चा राहतो आणि घेणारा त्यामानाने भाव पाडून मागतो. आमची मिळकत पत्रिका तयार आहे, खरेदीखत रीतसर होणार आहे आणि घेणाऱ्याला बँकेकडे जाण्याची वाटही मोकळी आहे. मग कच्च्या व्यवहारांच्या दरावर किती वाढ धरणे योग्य ठरेल?

दलालाचा आकडा मला पटत नाही. त्याने दारव्हा शहरालगतच्या अकृषिक लेआउटचा भाव आमच्या गावठाणाला लावला आणि वर वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे दारव्ह्यावरून जाणार असल्याचा दाखला दिला. रेल्वेचा लाभ स्थानकाजवळच्या जागेला होईल; आमच्यासारख्या आतल्या गावात आज रोख मोजणारा माणूस त्यासाठी जास्त देईल असे वाटत नाही. शिवाय लहान गावात घराला गिऱ्हाईक म्हणजे शेजारी किंवा भाऊबंदच, आणि त्यांच्याही हाती पैसा येतो तो कापूस-तूर विकल्यानंतर. एकच घेणारा असताना बाजारभाव म्हणायचा तरी कशाला, हा माझा खरा प्रश्न आहे.

वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याचाही (शासकीय मूल्य ज्यावरून काढतात त्या रेडी रेकनरचाही) विचार करावा लागतो, कारण मुद्रांक शुल्क खतातील किंमत आणि शासकीय मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. शासकीय मूल्य खतातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक भरले, तर आयकरासाठीही तेच विक्रीमूल्य समजले जाते, म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर मोजण्याची वेळ येऊ शकते. घर २००१ पूर्वीपासूनचे असल्यामुळे आयकरासाठी विक्रीतला नफा मोजायला १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्यही काढून घ्यावे लागेल.

जाणकारांना विनंती आहे की त्यांनी पुढील शंकांवर मार्गदर्शन करावे. वापर झालेल्या वर्षांची घट वजा केल्यावर भेगांसाठी वेगळी रक्कम कमी करणे बरोबर आहे की ती दुहेरी वजावट होते? जुने सागवान घरासकट विकावे की लाकूड आधी उतरवून वेगळे विकणे फायद्याचे आहे, आणि त्याच्या वाहतुकीसाठी वनविभागाचे कोणते कागद लागतात? एवढ्या लहान मिळकतीसाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून आजचे आणि २००१ चे असे दोन्ही अहवाल एकत्र करून घेता येतात का, आणि त्याची फी साधारण किती असते? दारव्हा, दिग्रस, नेर किंवा कारंजा भागात गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी गावठाणातले घर रीतसर खरेदीखत करून विकले किंवा घेतले असेल, त्यांनी गावाचे नाव न सांगता केवळ चौरस फुटाचा दर आणि रस्त्याला लागून आहे की आत, एवढे कळवले तरी मला बहिणींसमोर आणि चुलतभावासमोर एकच आकडा ठेवता येईल.