मदत हवी आहे: पेशंट अपॉइंटमेंट घेतात आणि येतच नाहीत
नमस्कार मंडळी, मुलुंडला माझं छोटं डेंटल क्लिनिक आहे, एकच खुर्ची. संध्याकाळी ७ ते ९ चे स्लॉट सगळ्यांना हवे असतात आणि नेमके तेच रिकामे जातात, कोणाची लोकल रखडते, कोणी फोनच उचलत नाही. जीव तुटतो तो रूट कॅनलवाल्यांसाठी, पहिल्या सिटिंगला ठणका थांबला की गायब, आणि ३-४ महिन्यांनी येतात तेव्हा टेम्पररी फिलिंग निघालेलं, दात फुटलेला, मग कधीकधी काढावाच लागतो. आदल्या दिवशी व्हॉट्सॲप करते, ब्लू टिक येते, उत्तर नाही. ॲडव्हान्स मागायला मन होत नाही, नेहमीची माणसं दुखावतील. तुमच्यापैकी कोणी घेतं का? की सकाळपर्यंत कन्फर्म नाही केलं तर स्लॉट सरळ वेटिंगवाल्याला द्यावा? रिसेप्शनला एकच ताई आहे, तिला झेपेल असं काहीतरी सुचवा प्लीज.