७८च्या रेकॉर्ड नव्या टर्नटेबलवर: खरखर, आणि एलपीत फाटणारा ‘स’

ओसरी
घरच्या साठ्यात ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) चाळीसेक लाखेच्या रेकॉर्ड (नाट्यपदं, भावगीतं) आणि पंधरा एलपी आहेत. टर्नटेबल नवं, तिन्ही वेगांचं. काट्रिज (सुई बसते तो भाग) ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, सुईचा भार २ ग्रॅम. ७८ लावली की नुसती खरखर, आणि त्यामागे कुठेतरी दबलेलं गाणं. एलपी सुरुवातीला स्वच्छ, पण प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात. रेकॉर्डच गेल्यात का? आणि धुवायच्या कशाने?

तीन मिल
७८ वाजवणं आधी थांबवा. वेगाचं बटण ७८वर गेलं म्हणजे टर्नटेबल ७८ला तयार झालं असं नाही. सुईही वेगळी लागते. एलपीची सुई टोकाला जेमतेम ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि लाखेच्या रेकॉर्डची खाच ३ मिलच्या (सुमारे ७५ मायक्रॉन) सुईसाठी कापलेली. तुमची सुई खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी साठलेल्या धुळीत भरकटते. वर लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते, ती हिरासुद्धा झिजवते.

काट्रिज बदलायची गरज नाही. त्याच बॉडीवर व्हीएम९५एसपीची सुई बसते: जुनी पुढे ओढून काढा, नवी सरकवा. मात्र तिला भार ५ ग्रॅम लागतो. टोनआर्मच्या (काट्रिज धरणारा दांडा) वजनावरचे आकडे बहुधा तिथवर जात नाहीत, म्हणून ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. सुई बदलली की दर वेळी भार मोजायचा. एलपीवर चुकून ५ ग्रॅम राहिले तर त्या एलपीचं काही खरं नाही.

आतली खाच
एलपीबद्दल. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंमी असतो आणि लेबलाजवळ २१. तेच ‘स’चे बारीक कंप आत अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेले असतात, त्यामुळे काट्रिज जरा तिरकं असलं तरी पहिला फटका शेवटच्या गाण्याला बसतो.

प्रोट्रॅक्टर, म्हणजे काट्रिज सरळ बसवायचा छापील नकाशा, छापून घ्या (शंभर टक्के मापात, प्रिंटरने ‘पानात बसवलं’ तर फुकट). हेडशेलचे (टोनआर्मचं टोक, जिथे काट्रिज बसतं) दोन स्क्रू सैल करा. मध्यापासून ६६ आणि १२१ मिमीच्या खुणांवर सुई टेकवून दोन्हीकडे काट्रिजची बाजू रेघेला समांतर येईपर्यंत पुढेमागे करा. मग भार पुन्हा २ ग्रॅम, अँटिस्केटिंगही (टोनआर्मची मध्याकडची ओढ तोलणारी सोय) २.

एवढं करूनही एखाद्याच एलपीचा आवाज फाटत असेल, तर ती पूर्वी जड टोनआर्मखाली घासली गेली आहे. अशांना व्हीएम९५एमएलची बारीक सुई कधीकधी तारते, कारण ती भिंतीच्या न झिजलेल्या भागाला टेकते. महाग आहे, पंधरा एलपींसाठी मी सुचवणार नाही.

काळी चार
दबलेल्या आवाजाचं दुसरं कारण फोनो प्रीअँप, म्हणजे काट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग. एलपी कापताना वरचे स्वर मुद्दाम चढवलेले असतात; ते परत उतरवायला तो आरआयएए नावाच्या ठरलेल्या वक्राने १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो. हा वक्र १९५४च्या सुमारास रुळला; त्याआधीच्या बहुतेक ७८वर वरचे स्वर तेवढे चढवलेलेच नाहीत. रेकॉर्ड संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये उतरवा आणि वरची बाजू कानाने हळूहळू उचला.

७८ मोनो आहेत, तरी स्टिरिओतच उतरवा. नंतर दोन्ही चॅनेल मिसळले की बराच गोंगाट आपोआप जातो. एक भिंत जास्त झिजलेली असेल तर मात्र चांगला चॅनेल तेवढाच ठेवा.

वेगही तपासा. जुन्या रेकॉर्ड नेमक्या ७८च्याच असतील असं नाही. एका अर्ध्या स्वराला सुमारे ६ टक्के वेग लागतो, म्हणजे ७८ऐवजी ८२.६. पेटीचा सूर दोन पट्ट्यांच्या मधेच अडकला तर वेगाचा संशय घ्यायचा. खात्री नव्हे, पेटीही उतरलेली असू शकते.

ओसरी
धुण्याचं राहिलं. काहींवर बुरशी आहे. फेव्हिकॉलचा थर लावून सोलून काढतात, ते चालेल?

तीन मिल
लाखेवर अजिबात नको, सोलताना पृष्ठभागही निघू शकतो. आणि लाखेला अल्कोहोल कधीच लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. एक लिटर डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालतात ते चालेल, आरओचं नको, त्यात क्षार उरतात), भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने फिरवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून काढा, लगेच मायक्रोफायबरने कोरडं करा. तडा गेलेली असेल तर पाणी आत शिरतं, तिथे फक्त ओलसर फडका. लेबल कोरडं ठेवा.

एलपीला त्याच मिश्रणात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. वाळेपर्यंत उभ्या ठेवा. बुरशी लागलेली जुनी पाकिटं मात्र टाकून द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.