परदेशातली सेवा आणि ऐकली गेलेली प्रार्थना: तुमचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम. सोलापुरातून सेवेसाठी परदेशी जाऊन आलेले आपल्यात बरेच आहेत. उपासनेत साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण सगळेच जरा गुळगुळीत बोलतो (मी धरून). इथे तसं नको. काय मागितलं, काय मिळालं, आणि मिळालंच नसेल तर तेही लिहा. सुरुवात मीच करते.

मी नर्स. केनियात किटुई भागात आमचं आरोग्य शिबिर होतं, एप्रिलमध्ये. तिकडचा मोठा पावसाळा मार्च ते मे. पहिल्याच दिवशी औषधांची गाडी चिखलात रुतली. गोळ्या गाडीत, पेशंट रांगेत आणि आम्ही चर्चच्या पत्र्याखाली गुडघे टेकून, "प्रभू, पाऊस थांबव." मोठ्यानं, मराठीतून. मंडळीतल्या एका बाईनं दुभाष्याला विचारलं, पाहुणे काय मागतायत? त्यानं सांगितल्यावर बायका आधी गप्प झाल्या, मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आधीचे दोन पावसाळे कोरडे गेले होते. ह्याच पावसासाठी त्यांनी महिनोन्‌महिने उपास धरले होते.

अहो, मी सोलापूरची. टँकरमागे घागर घेऊन पळालेली. आणि मीच पाऊस थांबव म्हणत होते! त्या बायका "ब्वाना असिफिवे" म्हणाल्या, म्हणजे प्रभूची स्तुती असो. मी "आमेन" म्हटलं, पण मान खाली घालून. दुपारी उगाली आली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. शेंगाचटणीची पुडी मी बॅगेतून काढली, ती तिथेच संपली.

साखर पेठ
पावसावरून आठवलं. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला आलेली, पंडिता रमाबाईंनी त्यांच्या मुक्ती मिशन ह्या आश्रमात आणलेल्या मुलींपैकी. तिच्या आईबापांनीही पावसासाठी कुणाला तरी साकडं घातलंच असणार. तो पडला असता तर पणजी केडगावला आली नसती आणि मी आज हे लिहीत नसते. ह्याचा हिशोब मला अजून लागत नाही.

कुमठा नाका
माझं छोटंसं आहे. परतीच्या आदल्या रात्री पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड हरवलं. सापडू दे म्हणून रात्रभर प्रार्थना. नाही सापडलं. मुंबईत उतरल्यावर सहा दिवस वेगळं ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदा सलग आठ तास झोपले बगा. पास्टर म्हणतात हेच उत्तर. मी म्हणते, कार्ड गळ्यात अडकवा.

अशोक चौक
मी ख्रिस्ती नाही, पद्मशाली. धागा काढणाऱ्या ताई केनियात असताना त्यांच्या वडिलांना ॲडमिट करावं लागलं. दवाखान्यात डबा आमच्या घरचा. त्यांच्या मंडळीची माणसं रोज येऊन प्रार्थना करायची आणि आमच्या आईनं सिद्धरामेश्वराला नवस बोललेला. काका बरे झाले. संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या गड्डा जत्रेत नवस फेडायला स्वतः काकाच गाडीवर मागे बसून आले. बाहेर थांबले, पण आले.

विजापूर रोड
लिहू की नको करत होतो. मी मालावीत असताना बाबा गेले. मी पोचेपर्यंत राहू देत, एवढंच मागितलं होतं. तेवढंही नाही. विमान दोन दिवसांनी. ती रात्र तिथल्या मंडळीतल्या बायका माझ्या खोलीबाहेर चटया टाकून बसल्या आणि पहाटेपर्यंत गात राहिल्या. भाषा चिचेवा, मला एक शब्द कळत नव्हता. माझे बाबा त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. साक्ष म्हणून हे मी अजून कुठे सांगितलेलं नाही.

साखर पेठ
विजापूर रोड, लिहिलंत ते बरं केलंत. घरी येऊन भेटते.
आणि ताई, गाडीचं काय झालं शेवटी?

धागा काढणारी
तिसऱ्या दिवशी निघाली. बैल जुंपून ओढली. पाऊस चालूच होता.