नवी '४के' प्रत निगेटिव्हवरून काढलीय की प्रिंटवरून?

प्रश्न: पडदा_हिंगोली
नमस्कार मंडळी. फिल्म सोसायटीत दाखवायला सत्तरच्या दशकातल्या एका रंगीत हिंदी चित्रपटाच्या दोन प्रती आल्यात. एक परदेशी पॅल (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) डीव्हीडी, १३४ मिनिटं २४ सेकंदांची. दुसरी नवी ब्लू-रे, बरोबर १४० मिनिटांची. वेष्टनावर मोठ्या अक्षरात '४के रिस्टोरेशन', पण स्कॅन कशाचं केलं त्याचा पत्ता नाही. चेहरे लई गुळगुळीत दिसतात आणि रीळ संपताना कोपऱ्यात काळे ठिपके येतात. म्हणजे ही कॅमेऱ्यातल्या मूळ निगेटिव्हऐवजी थिएटरात चालवायच्या प्रिंटवरूनच काढली समजायची का? आणि डीव्हीडीतली साडेपाच मिनिटं कुठं कापली?

रीळसांधा_नांदेड
कापलं काही नाही. पॅलमध्ये २४ फ्रेमचा चित्रपट २५ च्या वेगानं पळवतात. १४० ला २५ नं भागून २४ नं गुणा, १३४ मिनिटं २४ सेकंदच येतात. गाण्याची पट्टीही जवळपास पाऊण अर्धस्वर चढते. पेटी घेऊन बसलात तर सूर बहुधा दोन पट्ट्यांच्या मधे लटकेल.
तरी सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर चित्र थांबवून लांबी वाचा. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला २७.४३ मीटर पळते. ३८४० मीटरच्या आसपास आकडा असेल तर १४० मिनिटं पूर्ण आहेत.
'४के' हा फक्त स्कॅनचा आकडा. घासलेल्या प्रिंटचंही ४के स्कॅन होतं, मग ओरखडेसुद्धा ४के दिसतात!

गोदाकाठ_परभणी
आधी कचऱ्याचा रंग बघा. निगेटिव्हवर धूळ बसली की तिथून उजेड जात नाही, म्हणून पडद्यावर ती पांढरी दिसते. पॉझिटिव्हवरची, म्हणजे निगेटिव्हवरून छापलेल्या सुलट प्रतीवरची, धूळ काळी दिसते. म्हणजे पांढरे कण निगेटिव्हचे, काळे प्रिंटचे. त्यात तुमच्याकडं चेंजओव्हरचे (ऑपरेटरला रीळ बदलायची खूण देणारे) ठिपकेही आहेत, तेव्हा प्रिंटच.

रीळसांधा_नांदेड
@गोदाकाठ, दादा, अर्धं बरोबर. पांढरा कण पुढच्या प्रत्येक प्रतीत छापला जातो, म्हणून तो दिसला एवढ्यानं निगेटिव्ह सिद्ध होत नाही. काळा कण इतकंच सांगतो की साखळीत कुठंतरी पॉझिटिव्ह होतं. ते इंटरपॉझिटिव्हही (निगेटिव्हवरून काढलेली मधली प्रत, जिच्यावरून पुढच्या निगेटिव्ह काढतात) असू शकतं, आणि त्यात नि थिएटरच्या प्रिंटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.
ठिपक्यांचंही तसंच. रीळ संपायच्या सुमारे ८ सेकंद आधी पहिला आणि शेवटच्या सेकंदाला दुसरा, प्रत्येक ४ फ्रेम. हे बऱ्याचदा निगेटिव्हवरच पाडलेले असत, म्हणजे सगळ्या प्रिंटवर आपोआप उतरावेत. गोल, नेटका, चारही फ्रेमवर एकाच जागी असेल तर त्यावरून प्रिंट म्हणता येत नाही. पण ऑपरेटरनं खिळ्यानं ओढलेली फुली किंवा वेडंवाकडं कडं, कडेला हिरवट-पिवळट, असं असेल तर ती प्रिंटच. रंगीत प्रिंटवर सगळ्यात वरचा थर मॅजेंटाचा (किरमिजी). तो खरवडला की हिरवं दिसतं, त्याखालचा सायन (हिरवट निळा) गेला की पिवळं, सगळंच गेलं की पांढरं. उभ्या हिरव्या रेघांचा अर्थही हाच.
आणि ठिपके नसले तरी काही ठरत नाही, संगणकावर ते पुसायला वेळ लागत नाही.

मॅजेंटा_लातूर
प्रिंट ओळखायची तर सावल्या बघा. प्रिंटचा कॉन्ट्रास्ट मुळातच चढा, त्यामुळे काळ्या केसांत नुसता डांबराचा गोळा आणि पांढऱ्या सदऱ्याला घडीच नाही. शिवाय त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटचा सायन उडतो. आपल्याकडं मे महिन्यात ४२ अंशांवर पत्र्याखाली पडलेला डबा उघडा, सगळं गुलाबी. रंग ओढूनताणून परत आणला तरी सावल्या तांबूस नाहीतर मेलेल्या राहतात.
पण माझा भरवसा डिझॉल्व्हवर. एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं तो तुकडा ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरून फिल्म छापायच्या यंत्रावर) ड्यूप, म्हणजे नक्कल, करून जोडलेला असतो. मूळ निगेटिव्हमध्येसुद्धा तो पुढच्या पिढीचाच. म्हणून स्रोत निगेटिव्हच्या जवळचा असेल तर डिझॉल्व्ह सुरू व्हायच्या जरा आधी फिल्मचे दाणे (ग्रेन) भरड होतात, रंग मळकट पडतो, आणि तुकडा संपला की चित्र एकदम स्वच्छ. सगळा चित्रपट एकसारखा भरड असेल तर स्रोत लांबचा. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ई दाबलं की एकेक फ्रेम सरकते, अशी चार-पाच ठिकाणं बघा.

पडदा_हिंगोली
बघितली. ठिपके गोल आणि नेटके. काळे कण तुरळक, हिरवी रेघ एकही नाही. अंधाऱ्या खोलीत केसांची बट वेगळी दिसते. डिझॉल्व्हपाशी मॅडम म्हणतात तसंच होतं, मधल्या दृश्यांपेक्षा एकदम मऊ. श्रेयनामावलीचा तुकडाही तसाच.

मॅजेंटा_लातूर
मग इंटरपॉझिटिव्ह असावं. कण हातानं पुसले असतील तर निगेटिव्हही असू शकेल, एवढ्यावरून त्यापुढं जाता येत नाही. गुळगुळीत चेहरे हा स्रोताचा दोष नाही, ग्रेन धुतलाय. स्थिर भिंतीपुढून माणूस जाताना बघा: भिंतीवर दाणे गोठलेले आणि माणसाच्या कडेला सळसळ, असं दिसलं की नक्की. आभाळापुढच्या तारेला पांढरी किनार असेल तर वरून शार्पनेसही चढवलाय.

रीळसांधा_नांदेड
आणि एका चित्रपटाला एकच स्रोत असतो असं धरू नका. 'पथेर पांचाली'ची निगेटिव्ह १९९३ च्या लंडनमधल्या आगीत होरपळली. पुढं पुनर्संचयनात तिचा सुमारे ४० टक्के भागच वापरता आला, बाकी इतर प्रतींवरून भरावं लागलं. तेव्हा तुमच्या ब्लू-रेचं प्रत्येक रीळ वेगळं तपासा. साधारण १८-२० मिनिटांनी ठिपका येतो, तिथून पुढची दोन मिनिटं मागच्याशी ताडून बघा. एखादंच रीळ काळवंडलेलं निघालं तर तेवढं प्रिंटवरून भरलंय.
दाखवायला ब्लू-रेच लावा. प्रोजेक्टरचा शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन दोन्ही शून्यावर ठेवा, नाहीतर धुतलेलं परत धुवाल.