अनुभव धागा: दारूच्या केसमध्ये अडकलेली गाडी सोडवून आणताना

गटारी, होळी आणि ३१ डिसेंबर, या तीन रात्री तर ठरलेल्याच. कुणाचा ना कुणाचा उशिरा फोन येतो की अमक्याला नाकाबंदीत धरलंय, फुंकायला लावलं, गाडी चौकीला लावलीय, आता काय करायचं. आणि नेमकं तेव्हा प्रत्येकजण वेगळंच सांगतो, एक म्हणतो दंड भर की सोडतात, दुसरा म्हणतो ओळख काढ, तिसरा म्हणतो कोर्टाशिवाय गाडीला हात लावता येत नाही. म्हणून हा धागा काढतेय. ज्याच्यावर केस झाली त्याने लिहिलं तरी चालेल, पण मला जास्त ऐकायचंय ते गाडी सोडवायला गेलेल्यांचं, कारण खरी पळापळ त्यांची होते.

सुरुवातीला एवढं लिहून ठेवते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार किंवा दोन्ही. आणि हा गुन्हा तडजोडीचा नाही, म्हणजे सिग्नल तोडल्यावर मोबाइलवर चलन भरून मोकळं होतो तसं इथे होत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. ही झाली माणसाची गोष्ट. गाडीचं काय होतं ते तुम्ही सांगा.

ठाणेकरीण

नवऱ्याची केस. गाडी माझ्या नावावर आहे आणि त्यानेच सगळं सोपं झालं. फोन आला तेव्हा पोरं झोपलेली, सासूबाईंना उठवून सांगितलं आणि रिक्षाने घोडबंदर रोडला गेले. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, तुम्हाला गाडी येते का, लायसन्स आहे का. दुसरा, आरसी कुणाच्या नावावर. डिजिलॉकरमधली आरसी दाखवली, ती चालते, २०१८ पासून तसा नियमच आहे, पण मोबाइलची बॅटरी चार टक्क्यांवर होती म्हणून जीव वरखाली होत होता. फुंकायच्या मशीनमधून किराणाच्या बिलासारखी चिठ्ठी निघते, तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा नंबर आणि ८६ असा आकडा, खाली नवऱ्याची सही. मला त्यांनी एका कागदावर लिहून द्यायला लावलं की गाडी मी ताब्यात घेतली, यांना चालवायला देणार नाही. लायसन्स त्यांनी ठेवून घेतलं, कोर्टाची तारीख दिली आणि गाडी मला दिली. कुणी एक रुपया मागितला नाही हे मुद्दाम लिहितेय, कारण मी पर्समध्ये पैसे कोंबून गेले होते.

परत येताना नवरा बोलायला लागला तर मी म्हटलं आता नको. घर येईपर्यंत रडायचं नाही असं ठरवलं होतं.

लातूरचा, सध्या पुण्यात

आमच्यात उलटं झालं. रूम पार्टनरची केस, सिंहगड रोडला. गाडीत चौघं आणि चौघंही प्यायलेले, मी घरी होतो पण मला फोर व्हीलर येत नाही, म्हणजे गाडी न्यायला माणूसच नाही. टो करून पोलीस स्टेशनच्या आवारात नेली. कल्याणीनगरची पोर्शची घटना, १९ मे २०२४, दोन तरुण इंजिनीअर गेले त्यात, त्यानंतरचेच दिवस होते ते, त्यामुळे पोलीस कुणाची विनवणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते आणि माझ्या मते बरोबरच होतं त्यांचं.

गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर. ठाण्यात सांगितलं, मालक आणा नाहीतर मालकाचं अधिकारपत्र आणा, सोबत ओरिजिनल आरसी, इन्शुरन्स आणि ज्याच्या हातात गाडी द्यायची त्याचं लायसन्स. हा घरी सांगायलाच तयार होईना, दोन-तीन एजंट भेटले बाहेर चहाच्या टपरीवर, "कागदाचं बघतो" म्हणणारे, त्यांना पैसे द्यायला निघाला होता. शेवटी मीच काकांना फोन केला. काका निवृत्त शिक्षक, रात्रीच्या गाडीने निघून सकाळी स्वारगेटला उतरले, पिशवीत आरसी, आधार आणि चष्म्याची डबी. हवालदारांनी सह्या घेतल्या, त्यांनी केल्या, आणि एकच विचारलं, कुणाला लागलं तर नाही ना? नाही म्हटल्यावर खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. पोराला एक शब्द बोलले नाहीत तिथे.

लायसन्स आरटीओकडे गेलं, तिथे म्हणणं मांडायची नोटीस आली आणि तीन महिने निलंबित झालं. हे फार जणांना माहीत नसतं, कोर्टाचा दंड भरला म्हणजे लायसन्स आपोआप हातात येत नाही.

नाशिक ट्रॅव्हल्सवाला

माझ्या गाड्या भाड्याने जातात. ड्रायव्हर पेमेंटवर. पार्टीला शिर्डीला सोडून परत येताना त्याने घेतली आणि सिन्नरच्या अलीकडे एका स्कूटरवाल्याला मागून ठोकलं. माणूस वाचला पण मांडीचं हाड मोडलं. वरच्या दोन अनुभवांत नुसती १८५ आहे, गाडी मालकाला मिळून जाते. कुणी जखमी झालं की सगळं बदलतं हे नीट समजून घ्या. निष्काळजीपणे गाडी चालवल्याची आणि इजा केल्याची भारतीय न्याय संहितेची (बीएनएस) कलमं लागतात, पंचनामा होतो आणि तुमची गाडी गाडी राहत नाही, मुद्देमाल होते, म्हणजे केसमधला जप्त पुरावा. मग ठाणे अंमलदार सुद्धा सोडू शकत नाही, मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो.

आधी आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक येऊन ब्रेक, स्टिअरिंग, लाइट तपासून रिपोर्ट देतात, तो येईपर्यंत काही हलत नाही. मग वकिलामार्फत मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ४५७ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम ५०३ झालं. कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा से मागवतं. से म्हणजे त्यांचं म्हणणं, हरकत आहे की नाही. तो से यायलाच वेळ जातो, तपासी अंमलदार बंदोबस्तावर गेले की तारीख पुढे. माझा हप्ता चालूच, बँकेला याच्याशी देणंघेणं नाही.

आदेशात अटी आल्या: गाडीच्या किमतीचं बंधपत्र, चारही बाजूंनी फोटो, केस संपेपर्यंत विकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायची. या अटींवर गाडी ताब्यात घेतल्याचं लिहून द्यायचं, तो सुपुर्दनामा. ठाण्यात मुद्देमाल कारकुनाने चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, एकेक आकडा उमटत गेला तो आरसीशी ताडून पाहिला, मग सही. गाडी पावसात बाभळीखाली उभी होती, मागची काच दोन बोटं उघडी राहिलेली, सीटवर पांढरी बुरशी, उंदरांनी बॉनेटमधल्या वायरी कुरतडलेल्या, बॅटरी मेलेली. मेकॅनिकला केबल घेऊन न्यावं लागलं. तुम्ही जाल तेव्हा बॅटरीची केबल आणि थोडं डिझेल न्याच.

इन्शुरन्सने माझ्या गाडीचा क्लेम नाकारला, ड्रायव्हर नशेत असला की स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही, ही अट पॉलिसीत छापलेलीच असते. मला त्याचा राग नाही. त्या स्कूटरवाल्याच्या घरी जाऊन आलो, त्याच्या आईने दारातच उभं ठेवलं नाही, आत बोलावलं. तेव्हापासून लांबच्या ट्रिपवरून ड्रायव्हर परत आला की स्वतः किल्ली घ्यायला उभा राहतो, कितीही वाजू देत.

वकीलबाई, संभाजीनगर

@नाशिक, चांगलं लिहिलंत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात सांगितलंय की जप्त गाड्या ठाण्यात सडत ठेवू नका, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि लवकर परत द्या. तुमच्या वकिलाला अर्जात हा निकाल लिहायला सांगा, बहुतेक जण लिहितातच.

अजून काही गोष्टी, कारण अशील माझ्याकडे येतात तोपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी जप्त होताना पंचनाम्यात आत काय आहे ते लिहून घ्या, स्टेपनी, जॅक, टेप, लॅपटॉप, मुलाचं दप्तर, जे असेल ते. जप्तीची प्रत मागा. आमच्या एका अशिलाच्या आईची इन्सुलिनची बॅग गाडीत राहिली होती, तेव्हा मुद्देमाल म्हणून नडायचं सोडून ठाण्यातल्या महिला अंमलदारांनी ती लगेच काढून दिली. मागितलं तर देतात, पण मागावं लागतं. १८५ मध्ये अटक केली असेल तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर सोडावं लागतं, ती वेळ टिपून ठेवा. आणि कोर्टात दंड भरला की पावती आणि आदेशाची नक्कल दोन्ही घ्या, नुसती पावती दाखवून काही ठाण्यांत गाडी देत नाहीत.

हैदराबादेत असतो

इथे २०२१ च्या नोव्हेंबरात तेलंगणा हायकोर्टाने स्पष्टच केलं, चालवणारा प्यायलेला असला आणि सोबत न प्यायलेला, लायसन्सवाला माणूस असला तर गाडी त्याला चालवू द्या, नुसत्या १८५ साठी अडकवून ठेवू नका. कुणीच नसेल तर नातेवाइकाला बोलवा, तोही नसेल तर ठाण्यात सुरक्षित ठेवा आणि मालक कागद घेऊन आला की द्या. माझ्या मेहुण्याच्या वेळी मी ती बातमीच मोबाइलवर काढून नेली होती पण गरज पडली नाही, त्यांना माहीत होतं.

पर्वरीहून

गोव्यात येणाऱ्यांसाठी एक. भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या. हॉटेलवरचा पोरगा पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देतो, ती भाड्याने देणं बेकायदेशीर आहे. माझ्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना कळंगुटच्या बाजूला धरलं, गाडी ठाण्यात गेली आणि मालकाला फोन लावला तर तो यायलाच तयार नाही, आला तर स्वतःच अडकेल. परतीची ट्रेन गेली, डिपॉझिट गेलं. काळ्या पाटीवाला मालक निदान कागद घेऊन उभा तरी राहतो.

एडिसनची मावशी

आमच्याकडे न्यू जर्सीत जॉन्स लॉ आहे, २००१ पासून. दारूच्या केसमध्ये अटक झाली की गाडी बारा तास अडकवून ठेवतात, म्हणजे माणूस सुटून लगेच परत स्टिअरिंगवर बसू नये. नात्यातला एक मुलगा, नवीन नोकरी, व्हिसावर आलेला, त्याला आणायला मी आणि हे दोघं गेलो होतो. आधी मला एका कागदावर सही करायला लावली, ह्याला नशेत गाडी चालवू दिलीस तर तुझ्यावरही येऊ शकतं असं त्यात लिहिलेलं. मग यार्ड. टोईंगचे पैसे वेगळे, जागेचं भाडं वेगळं आणि ते रोज चढत जातं, त्यामुळे सोमवारी बघू म्हणू नका. आणि व्हिसावर असाल तर गाडीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा, इथल्या मराठी पोरांना हे कुणी सांगत नाही.

कोल्हापूरकाका

मी मुलाची गाडी आणायला गेलो नाही. माझ्याच नावावर होती, सही माझी लागणार होती. ठाण्यातून दोनदा निरोप आला की साहेब जागा अडतीय, घेऊन जावा. मी म्हटलं त्याची तारीख होऊ दे, त्याला कोर्टात उभा राहू दे, त्याच्या पगारातून दंड जाऊ दे, मग येतो. बायको चिडली, गल्लीत बभ्रा झाला, मुलगा के.एम.टी.च्या बसने कामावर जात होता. तारखेला मी त्याच्याबरोबर गेलो मात्र, एकट्याला पाठवला नाही. बाकावर शेजारी बसून होतो. काही लोकांना हे कडक वाटेल पण माझ्या धाकट्या भावाला अशाच एका जीपने नेलं आहे, त्या वेळी तो चालवणारा आठवड्यात त्याच जीपमध्ये दिसला होता आम्हाला. मला ते माझ्या घरात नको होतं.

सिडकोतून

सगळं वाचलं. मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या भावाला ठोकलं होतं, चालवणारा प्यायलेला. एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते, ज्याला धडक बसते त्याची गाडीसुद्धा जप्त होते. आमची अ‍ॅक्टिव्हा त्यांच्या कारच्या शेजारीच ठाण्यात उभी होती, हँडल वाकडं, डिकीत भावाचा डबा तसाच. भाऊ अतिदक्षता विभागात आणि मी आरसी शोधत कपाट उपसतेय. अर्ज, से, बंधपत्र, फोटो, सगळं आम्हालाही तेच, वकिलाचे पैसेही तसेच. त्यांची कार आधी सुटली, कारण त्यांच्याकडे पळायला माणसं होती.

ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांना सांगते, गाडी सोडवायची घाई करू नका. आधी घटनास्थळाच्या पंचनाम्याची, एफआयआरची आणि आरटीओ निरीक्षकांच्या रिपोर्टची नक्कल घ्या, गाडीचे स्वतःचे फोटो काढा, दुरुस्ती नंतर. नुकसानभरपाईच्या दाव्याला मोटार अपघात न्यायाधिकरणात हेच कागद लागतात आणि कायद्यात अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय, ती औषधपाण्याच्या गडबडीत कधी निघून जाते कळत नाही. @नाशिक, तुम्ही त्या माणसाच्या घरी गेलात ते वाचून बरं वाटलं. त्याची स्कूटर सुटली का, हप्ते कोण भरतंय, तेवढं एकदा विचारून बघा.