शिकार नको, गळ चालेल

परदेशात मोठी माणसं शहरातल्या पोरांना शिकारीला, मासेमारीला नेऊन वळण लावतात, तसं आपल्याकडे का नाही, असं मला एकाने विचारलं. शिकारीचं सोडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषयच संपला. मासेमारीचं मात्र जमतं.

मी नवी मुंबईत बेलापूरला राहतो. सोसायटीतली चार-पाच पोरं घेऊन कधीकधी रविवारी जवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीकडे जातो. सोबत तिथलेच एक कोळी काका असतात. खरे गुरू तेच. पहिल्या दिवशी त्यांनी गळ हातात दिलाच नाही. आधी तिथी विचारली! अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीला भांग म्हणजे लहान भरती, भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, हे पाठ झाल्यावर मग दोरी, शिसं, आमिषाला कोळंबी. शिंगाळा (मिशीवाला मासा) लागला तर हात लावायचा नाही, पाठीवर एक आणि बाजूंना दोन असे तीन काटे असतात आणि फार ठणकतं. एकाने लावलाच. (त्याच्या आईला अजून अर्धीच हकीकत माहीत आहे.)

दोन तासांत मिळाली एक बोय मासळी, तीही वीतभर. सोडून दिली. पण एरवी दहा मिनिटं स्वस्थ न बसणारं पोरगं दोन तास दोरीवर बोट ठेवून बसलं होतं.

ठाणे खाडीच्या वाशी ते ऐरोली पट्ट्यात मात्र गळ घेऊन जाऊ नका, 2015 पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. आणि पावसाळ्यात जेट्टी शेवाळते, म्हणून आम्ही नारळी पौर्णिमेनंतरच सुरू करतो.