मदत हवी आहे: गुप्तांगावरच्या चामखिळी नेमक्या कुठल्या विषाणूमुळे, हे तपासून कळतं का?

नमस्कार. नाव देत नाही, समजून घ्या.

माझ्या नवऱ्याच्या गुप्तांगावर दोन-तीन महिन्यांपासून बारीक, खरखरीत कोंब आलेत. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे दिसतात, दुखत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांनी नुसतं बघून ‘एचपीव्ही’ म्हणून सांगितलं आणि लावायला औषध दिलं. पण एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचाच विषाणू ना? माझी झोप उडाली आहे. रक्त तपासून प्रकार कळेल का? लग्नाला सहा वर्षं झाली, मग हे आत्ताच कुठून आलं? या एका प्रश्नावरून आमचं बोलणं तुटलंय. नीट माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, आधी कॅन्सरचं. एचपीव्हीचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. अशा दहातल्या साधारण नऊ चामखिळी ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८ असतात. कुळ एक, पण काम वेगळं.

रक्तातून प्रकार कळत नाही. कोंबाच्या तुकड्याची डीएनए तपासणी होऊ शकते, पण निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहतात; म्हणून डॉक्टर ती सांगत नाहीत. तो खर्च करू नका. त्यापेक्षा दोघांनी व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही करून घ्या. सिफिलिसमध्येही तिथे उंचवटे येतात, चपटे आणि ओलसर. त्यावर पेनिसिलिन लागतं, चामखिळीचं मलम नाही.

आणि संशयाचं म्हणाल, तर संसर्गानंतर चामखीळ यायला महिने जातात, कधी वर्षंही. तो लग्नाआधीचा असू शकतो, तुमच्या दोघांपैकी कुणाकडूनही आलेला. कधी आणि कुणाकडून, हे सांगणारी तपासणीच नाही. त्यांच्याशी बोला, प्लीज.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. तुम्ही तिशी ओलांडली असेल तर गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी चुकवू नका. यांच्या चामखिळींमुळे ती जास्त वेळा करायची गरज नाही. सीरमच्या सर्व्हावॅक या एचपीव्हीच्या लशीत ६ आणि ११ दोन्ही आहेत, पण आलेल्या चामखिळी लशीने जात नाहीत.

धागाकर्ती
खूप आभार. व्हीडीआरएल कुठे करू? ओळखीच्या लॅबमध्ये नको वाटतं.

प्रतिसाद १
जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’, म्हणजे गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना, विचारा. तिथे समुपदेशक असतात आणि माहिती गुप्त ठेवतात. दोघं एकत्रच जा.